एपॉक: साध्या डेस्कटॉपवर लेझर-प्लाझ्मा ॲक्सिलरेटर

लेझरने इलेक्ट्रॉन पळवायचं सिम्युलेशन पहिल्यांदाच करणार असाल, तर एपॉक हा प्रोग्राम घ्या. पैसे पडत नाहीत, सोर्स कोड उघडा आहे, आणि भौतिकशास्त्र येत असेल तर त्याची इनपुट फाइल पहिल्याच वाचनात कळते. अट एकच. मॅक्सवेलची समीकरणं सोडवण्याचा त्यातला आपोआप निवडला जाणारा पर्याय बदलल्याशिवाय, निदान तपासल्याशिवाय, वेकफील्डचे, म्हणजे लेझरच्या मागे प्लाझ्मात (इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूत) उठणाऱ्या लाटेचे, आकडे कुणाला दाखवू नका. असं का, ते खाली सविस्तर लिहिते, कारण माझ्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी हेच फळ्यावर गणित मांडून दाखवते आणि दरवर्षी त्यांना आश्चर्य वाटतं.

मी पुण्यात एम.एस्सी.च्या मुलामुलींचे प्रोजेक्ट घेते. शंभर टेरावॉटच्या वरचे लेझर आपल्याला परके नाहीत. कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत आहे, इंदूरला आरआरकॅट या संशोधन केंद्रात आहे. पण तिथे उन्हाळी प्रशिक्षणाला एखाद्याचाच नंबर लागतो. उरलेल्यांनी प्लाझ्मातली लाट फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहायची, हे मला कधीच पटलं नाही. म्हणून आठ कोअरच्या डेस्कटॉपवर काय चालतं, ही माझी पहिली कसोटी असते, आणि हे परीक्षणही त्याच नजरेतून लिहिलेलं आहे.

या विषयाचं आणि सिम्युलेशनचं नातं जन्मापासूनचं. १९७९ मध्ये तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन यांनी फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये मांडलं की लेझरचा आखूड, तीव्र स्पंद प्लाझ्मातून गेला तर त्याच्या मागे इलेक्ट्रॉनांची लाट उठते आणि त्या लाटेवर अडकलेले इलेक्ट्रॉन सेंटिमीटरभर अंतरात गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जाऊ शकतात. हे होतं याचा पुरावा म्हणून त्यांनी दिलं ते कॉम्प्युटर सिम्युलेशनच. पुढे १९८५ मध्ये डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी स्पंद आधी ताणून, मग वर्धित करून, शेवटी पुन्हा दाबण्याचं तंत्र दाखवलं (२०१८ चं नोबेल त्याचंच), आणि लागतील तसे लेझर प्रयोगशाळांत येऊ लागले. २००४ मध्ये नेचरच्या एकाच अंकात तीन वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचे झोत दाखवले. २०१९ मध्ये बर्कलीच्या गटाने २० सेंटिमीटर प्लाझ्मात ७.८ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट गाठले. घन सेंटिमीटरला १० चा १८ वा घात इतके इलेक्ट्रॉन असलेल्या प्लाझ्मातली लाट मीटरला ९६ गिगाव्होल्टच्या घरातलं विद्युतक्षेत्र पेलू शकते. धातूच्या पोकळ्यांच्या नेहमीच्या ॲक्सिलरेटरमध्ये मीटरला शंभर मेगाव्होल्टच्या आसपासच ठिणग्या पडायची भीती सुरू होते. एवढा फरक कशामुळे येतो हे विद्यार्थ्याने स्वतःच्या स्क्रीनवर घडताना पाहावं, यासाठी मला एपॉक हवा असतो.

एपॉक इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात वाढला. नावाचं पूर्ण रूप एक्स्टेंडेबल पिक ओपन कोलॅबोरेशन. टोनी आर्बर आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा लेख हा त्याचा अधिकृत संदर्भ, आणि तो नुसता उद्धृत करण्यासाठी नाही, वाचण्यासाठी आहे. पिक कोड आतून कसा चालतो हे इतक्या नेटकेपणाने सांगणारं लेखन मी फार थोडं वाचलं आहे. कोड फॉरट्रानमध्ये आहे. हे ऐकून आजची मुलं जरा बिचकतात. बिचकायचं कारण नाही, कारण फॉरट्रानची एक ओळही न लिहिता वर्षभराचा प्रोजेक्ट होतो.

पिक म्हणजे पार्टिकल-इन-सेल. प्लाझ्मातला प्रत्येक इलेक्ट्रॉन मोजणं अशक्य, म्हणून एक गणिती कण पुष्कळ खऱ्या इलेक्ट्रॉनांच्या वतीने धावतो. मी विद्यार्थ्यांना देते त्या उदाहरणात घनता घन सेंटिमीटरला ५ गुणिले १० चा १८ वा घात असते. त्रिमित जाळीतला सेल ०.०४ बाय ०.२ बाय ०.२ मायक्रॉनचा घेतला आणि त्यात चार कण ठेवले, तर एका कणामागे सुमारे २००० इलेक्ट्रॉन येतात. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं जाळीवर राहतात, कण जाळीतून मोकळे फिरतात. प्रत्येक पावलाला क्षेत्रांवरून कणांवरचं बल काढायचं, कण पुढे ढकलायचे, ते हलल्याने झालेला प्रवाह पुन्हा जाळीवर नोंदवायचा, त्यावरून नवी क्षेत्रं काढायची. क्षेत्रांसाठी यीची १९६६ ची पद्धत, कण ढकलायला बोरिसची, प्रवाह नोंदवायला एसिरकेपोव्हची, जिच्यात प्रभाराची अक्षय्यता आपोआप पाळली जाते. तिन्ही जुन्याजाणत्या आणि उघड्यावर तपासलेल्या पद्धती आहेत.

आता बसवण्याबद्दल. उबुंटूवर जीफॉरट्रान हा कंपायलर आणि अनेक कोअरवर काम वाटणारं ओपनएमपीआय टाकलं की पुरतं. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) वापरावं. गिटहबवरून कोड उतरवताना रिकर्सिव्ह हा पर्याय द्यायचाच, कारण एसडीएफ हा आउटपुटचा भाग वेगळ्या सबमॉड्यूलमध्ये आहे आणि तो आला नाही तर मेक (कोड कंपाइल करणारी आज्ञा) तिथेच अडतं. एकमित, द्विमित आणि त्रिमित असे तीन स्वतंत्र प्रोग्राम आहेत, ज्याच्या फोल्डरमध्ये जाऊन मेक कराल तो तयार होतो. चालवल्यावर प्रोग्राम आधी विचारतो, आउटपुटचं फोल्डर कोणतं? समोर बसून चालवताना हे ठीक आहे. क्लस्टरच्या रांगेत जॉब टाकताना मात्र उत्तर द्यायला कुणी नसतं, म्हणून फोल्डरचं नाव एकोने पाइप करून द्यावं लागतं. रचना जुनी आहे, बदलायला हवी. तपशील मॅन्युअलमध्ये आहे, पण नवख्याच्या डोळ्यांसमोर तो यायला हवा तितका येत नाही.

इनपुट फाइलला ते डेक म्हणतात, आणि मला एपॉक आवडण्याचं सगळ्यात मोठं कारण हा डेकच आहे. साधी टेक्स्ट फाइल. कंट्रोल, बाउंडरीज, स्पीशीज, लेझर, विंडो, आउटपुट असे ब्लॉक, प्रत्येकाला सुरुवात आणि शेवट. सगळं एसआय एककांत. कितीतरी पिक कोडमध्ये लांबी प्लाझ्माच्या वारंवारतेच्या हिशोबात द्यावी लागते. विद्यार्थ्याचा पहिला महिना त्या रूपांतरात जातो आणि लाट राहते बाजूला. इथे ६० गुणिले मायक्रॉन असं लिहिलं की झालं. फेम्टो, मायक्रॉन, इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, प्रकाशाचा वेग हे सगळं डेकला ठाऊक असतं. लेझरची वारंवारता दिली की क्रिटिकल घनता (जिच्यापुढे लेझर प्लाझ्मातून जाऊ शकत नाही ती) काढून देणारं फंक्शन आहे. घनतेचं सूत्र अवकाशाच्या कोणत्याही फलनात लिहिता येतं, म्हणजे वायूच्या झोताचा चढ-उतार हवा तसा काढता येतो. कुठे चुकलं तर कितव्या ओळीत ते सांगतो, आणि आउटपुटच्या फोल्डरमध्ये डेक-स्टेटस नावाची फाइल ठेवतो, त्यात त्याने काय वाचलं ते दिसतं. ती फाइल उघडून पाहायची सवय मी पहिल्या दिवसापासून लावते.

डेकमधल्या दोन जागी जपायला हवं. घनता घन मीटरला द्यायची असते आणि प्रयोगवाले बोलतात घन सेंटिमीटरमध्ये. त्यासाठी डेकमध्ये सीसी नावाचा स्थिरांक आहे, त्याने भागायचं, म्हणजे दहा लाखांचा घोळ होत नाही. दुसरी जागा लेझरच्या स्पंदाची. गॉस या फंक्शनला दिलेली रुंदी म्हणजे शिखरापासून किंमत ई-अंशावर (१/e वर) येईपर्यंतची रुंदी, आणि हे फंक्शन लागतं तीव्रतेला नाही, विद्युतक्षेत्राला. प्रयोगशाळेत जेव्हा ३० फेम्टोसेकंदांचा स्पंद म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात तीव्रता निम्म्यावर येते तिथली पूर्ण रुंदी असते. दोन्हींमध्ये १.१७७ चा भाग आहे. म्हणजे ३० साठी डेकमध्ये २५.५ घालायचे. घोळ असा की कमरेच्या (झोत सगळ्यात अरुंद असतो तिथल्या) त्रिज्येला हे रूपांतर लागत नाही, कारण ती क्षेत्राच्या ई-अंशावरच सांगायची पद्धत आहे. वेळेला लागतं, अवकाशाला लागत नाही. प्रोजेक्टच्या अहवालात हा आकडा मी सगळ्यात आधी तपासते.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

यीच्या जाळीवर प्रकाश निर्वातातसुद्धा प्रकाशाच्या वेगाने जात नाही. थोडा हळू जातो, आणि तरंगलांबी जितकी आखूड, तितका जास्त हळू. हे काही गुपित नाही, पाठ्यपुस्तकात असतं. पण वेकफील्डमध्ये ते किती नडतं हे आकडे मांडल्याशिवाय ध्यानात येत नाही. ८०० नॅनोमीटरचा लेझर, तरंगलांबीला २० सेल, म्हणजे पुढच्या दिशेला सेल ०.०४ मायक्रॉनचा, आडव्या दिशेला ०.२ मायक्रॉनचा. एपॉक स्थिरतेच्या मर्यादेच्या ०.९५ पट इतकं वेळेचं पाऊल आपोआप घेतो. हे सगळं द्विमित जाळीच्या सूत्रात घातलं की जाळीमुळे लेझरच्या स्पंदाचा गट-वेग (अख्खा स्पंद पुढे सरकतो तो वेग) सुमारे ०.१६ टक्क्यांनी घटतो. ऐकायला क्षुल्लक. पण वर दिलेल्या घनतेच्या खऱ्या प्लाझ्मामुळे तोच वेग किती घटायला हवा? क्रिटिकल घनता प्लाझ्माच्या घनतेच्या साधारण ३४८ पट आहे, तेव्हा उत्तर येतं सुमारे ०.१४ टक्के. म्हणजे जाळीने आणलेला मंदपणा प्लाझ्माने आणलेल्या मंदपणापेक्षा मोठा!

आणि या सगळ्या खेळात इलेक्ट्रॉनला किती ऊर्जा मिळणार हे ठरतं ते या मंदपणावरच. लाट लेझरच्या वेगाने चालते, इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने; तो लाटेच्या पुढच्या, उलट ढकलणाऱ्या भागात पोचला की त्वरण संपलं. लेझर खोटेपणाने हळू झाला तर इलेक्ट्रॉन तिथे लवकर पोचतो आणि सिम्युलेशन ऊर्जा कमी दाखवतं. आलेख सुंदर दिसतो, लाटेतला इलेक्ट्रॉन नसलेला बुडबुडा गोल दिसतो, कोणतीही एरर येत नाही. आकडा मात्र चुकीचा असतो. शिवाय अतिवेगवान इलेक्ट्रॉन जाळीवरच्या मंद प्रकाशाला मागे टाकतात आणि जाळीतल्या आखूड लहरींवर खोटं चेरेन्कोव्ह प्रारण सोडू लागतात; त्याने झोत नाहक पसरतो.

एपॉककडे यावर उपाय आहे, आणि तो डेकमधल्या एका ओळीचा आहे. मॅक्सवेल सॉल्व्हर म्हणून यीऐवजी लेहे, कोवान किंवा पुखोव्ह निवडता येतो. लेझर एक्स दिशेला जात असेल तर मी लेहे घेते. तोही बिनचूक नाही, त्यात चूक उलट बाजूला जाते, वेग किंचित चढा येतो. पण खोटं चेरेन्कोव्ह प्रारण दबतं. कोणताही सॉल्व्हर घ्या, आधी रिकाम्या पेटीत तपासा. घनता शून्य ठेवायची, पेटी तीच, मूव्हिंग विंडो (स्पंदाबरोबर पुढे सरकणारी खिडकी) तीच, आणि मिलिमीटरभर प्रवासानंतर स्पंदाचं शिखर खिडकीत किती मागे सरकलं ते मोजायचं. वरच्या आकड्यांना यीच्या सॉल्व्हरवर १.६ मायक्रॉन मागे सरकायला हवं. विद्यार्थ्याने सूत्रातून काढलेला आकडा आणि स्क्रीनवर मोजलेला आकडा जुळला, की माझ्या मते त्याचा प्रोजेक्ट खऱ्या अर्थाने सुरू झाला. निर्वातात कण नसल्याने हा रन फार वेळही घेत नाही. सेल निम्मे करूनही चूक चौपटीने कमी होते, पण तेव्हा पुढच्या दिशेचे सेलही दुप्पट आणि पावलंही दुप्पट.

वेगाबद्दल समाधानी आहे. ६० बाय ६० मायक्रॉनची द्विमित पेटी, वरचेच सेल, म्हणजे साडेचार लाख सेल. सेलला चार कण धरून १८ लाख इलेक्ट्रॉन-कण. मिलिमीटरभर जायला साधारण २७ हजार पावलं. आठ कोअरवर दोन-तीन तासांत होतं, म्हणजे सकाळी लावलेला रन जेवणाच्या सुट्टीपर्यंत हातात येतो आणि दुपारी त्यावर बोलता येतं. त्रिमित मात्र डेस्कटॉपचं काम नाही. तीच पेटी त्रिमित केली तर साडेतेरा कोटी सेल, ५४ कोटी कण. कणांचे नुसते आकडे साठवायलाच ३० जीबी, क्षेत्रांना आणि प्रवाहांना आणखी १० जीबीच्या आसपास. एपॉक कण लिंक्ड लिस्टमध्ये ठेवतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतं.

द्विमितात काय खरं मानायचं आणि काय नाही, हे मॅन्युअलपेक्षा शिक्षकाने सांगायचं. लाटेचा आकार, तिची लांबी, इलेक्ट्रॉन कुठे अडकतात, हे गुणात्मक पातळीवर चांगलं कळतं. लेझरचं स्वतःहून एकवटणं द्विमितात कमी जोराने होतं. झोतातला एकूण प्रभार तर विचारूच नये: द्विमित एपॉकमध्ये तिसरी दिशा एक मीटर लांब धरलेली असते, म्हणून उत्तर येतं ते मीटरमागे किती कूलोम या रूपात. त्याला मनाने एखाद्या जाडीने गुणून पिकोकूलोम छापलेले मी पाहिले आहेत. तसं करू नये.

पुढे जायचं असेल त्यांच्यासाठी एपॉकमध्ये भरपूर आहे. क्षेत्राने होणारं आयनीकरण आहे, त्यामुळे हीलियममध्ये थोडा नायट्रोजन मिसळून इलेक्ट्रॉन आत सोडण्याची युक्ती करून पाहता येते. नायट्रोजनचे शेवटचे दोन इलेक्ट्रॉन ५५२ आणि ६६७ इलेक्ट्रॉनव्होल्टना सुटतात, म्हणजे स्पंदाच्या अगदी शिखरापाशीच, लाटेच्या आतल्या नेमक्या जागी. कणांच्या टकरी आहेत. गॅमा फोटॉन आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्यांचं क्यूईडी (क्वांटम विद्युतगतिकी) मॉड्यूल आहे. त्यासाठी मेकफाइलमध्ये फोटॉन्सचा फ्लॅग चालू करून पुन्हा कंपाइल करावं लागतं आणि त्याच्या तक्त्यांचा मार्ग नीट द्यावा लागतो. एवढी सोय फुकट मिळते याबद्दल वॉरिकच्या मंडळींचे आणि त्यांना निधी देणाऱ्या ब्रिटनच्या ईपीएसआरसीचे आभार मानावे तितके थोडे.

एपॉक जिथे कमी पडतो तिथे दुसरीकडे जावं, त्यात निष्ठेचा प्रश्न नाही. ग्राफिक्स कार्ड असेल आणि लेझर बऱ्यापैकी गोल असेल तर एफबीपिक पाहा. पायथनमध्ये आहे, स्पेक्ट्रल पद्धतीमुळे वर सांगितलेला जाळीचा मंदपणा त्यात राहत नाही, आणि मोजक्या कोनीय मोडमध्ये त्रिमित भौतिकशास्त्र बसवल्याने खर्च आटोक्यात राहतो. फ्रान्समधला स्मायली हा एपॉकच्या सगळ्यात जवळचा, इनपुट पायथनमध्ये, भार वाटून घेण्याची रचना अधिक आधुनिक. खरोखर मोठं काम असेल तर वॉर्पएक्स, ज्याला सुपरकॉम्प्युटिंगमधलं २०२२ चं गॉर्डन बेल पारितोषिक मिळालं. पण यातला कोणताही कोड मी पहिल्या सत्रात मुलांपुढे ठेवत नाही. एपॉकच्या डेकमध्ये लेझर, वायू आणि पेटी एकाच पानावर दिसतात, आणि पहिल्यांदा शिकताना तेच लागतं.

आउटपुटबद्दल एवढंच, की सगळे कण प्रत्येक वेळी साठवायला सांगू नका, डिस्क भरते. क्षेत्रं आणि घनता वरचेवर, कण फक्त ऊर्जेची खालची मर्यादा घालून केलेल्या उपगटाचे. एसडीएफ फाइल पायथनमध्ये वाचण्याचं साधन सोबतच येतं आणि मॅटप्लॉटलिब (पायथनमधलं आलेख काढायचं साधन) येणाऱ्याला तासाभरात हाताळता येतं.

मी वापरते त्या ४.१९ आवृत्तीत दोन गोष्टींची उणीव मला खटकते. लेझर पेटीच्या कडेवरून आत येतो, आणि त्याचा केंद्रबिंदू आत कुठे हवा हे थेट सांगायची सोय नाही. कडेवरची रुंदी, तरंगाग्राची वक्रता आणि गुई फेज (केंद्रबिंदूतून जाताना लहरीच्या फेजमध्ये पडणारा फरक) हे सगळं आपण सूत्रांनी लिहायचं, आणि द्विमितात गुई फेज निम्मी होते हेही आपणच लक्षात ठेवायचं. मॅन्युअलमध्ये नमुना आहे, पण शंभरातल्या नव्वद जणांना लागणारी गोष्ट एका ओळीत व्हायला हवी. दुसरी मागणी अधिक मनापासूनची. लेझरची तरंगलांबी, सेलचा आकार आणि वेळेचं पाऊल हे तिन्ही एपॉकला सुरुवातीलाच माहीत असतं. तेवढ्यावरून जाळीने येणारा वेगातला फरक काढून तो स्क्रीनवर छापायला चार ओळींचा फॉरट्रान पुरेल. हे चार ओळींचं काम मी यंदाच्या एका विद्यार्थिनीला प्रोजेक्टचा भाग म्हणून दिलं आहे, आणि नीट जमलं तर गिटहबवर मूळ कोडसाठी पाठवणार आहोत.